एएसपी डॉट नेटमधील घटना आणि अंगभूत ऑब्जेक्ट

एएसपी डॉट नेट ही सर्व्हरवर चालणारी वेब ॲप्लिकेशने तयार करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने विकसित केलेली प्रणाली आहे. या प्रणालीतील ॲप्लिकेशनच्या आयुष्यात ठरावीक क्षणी ठरावीक घटना घडतात. ॲप्लिकेशन सुरू होणे, एखाद्या वापरकर्त्याचे सत्र सुरू होणे, मागणी येणे, पान तयार होणे, सत्र संपणे, चूक उद्भवणे या सर्व त्या अर्थाने घटना होत, आणि संगणकाच्या परिभाषेत त्यांना इव्हेंट म्हणतात. एखादी घटना घडल्यावर जो संगणकीय आदेशसमूह चालतो त्यास इव्हेंट हँडलर किंवा नुसते हँडलर असे म्हटले जाते. हँडलरला काम करता यावे म्हणून प्रणाली काही ऑब्जेक्ट आयते उपलब्ध करून देते. प्रोग्रॅमरला ते निर्माण करावे लागत नाहीत. ॲप्लिकेशन, सेशन, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सर्व्हर आणि काँटेक्स्ट हे त्यांतील प्रमुख होत.

हे सर्व ऑब्जेक्ट प्रत्येक घटनेच्या वेळी उपलब्ध नसतात. प्रत्येकाचे आयुर्मान निराळे आहे, आणि हँडलर ज्या क्षणी चालतो त्या क्षणी जे जिवंत असतील तेवढेच त्याच्या हाती लागतात. नवशिक्यांच्या पुष्कळ चुकांचे मूळ या एका गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

पार्श्वभूमी

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाण एचटीटीपी या नियमावलीनुसार चालते. या नियमावलीला स्मृती नाही. ब्राउझरने मागणी करावी, सर्व्हरने उत्तर द्यावे आणि व्यवहार तेथेच संपावा, अशी तिची रचना आहे. त्याच व्यक्तीची दुसरी मागणी क्षणभराने आली, तरी नियमावलीच्या दृष्टीने ती अनोळखीच असते. स्थिर मजकुराची पाने दाखवण्यापुरते हे पुरेसे होते. परंतु खरेदीची यादी, परीक्षेचा अर्ज किंवा बँकेचे खाते असे व्यवहार वेबवर आणायचे तर कोणी काय मागितले, हे कोठेतरी लक्षात ठेवणे भाग होते.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर १९९६ मध्ये आयआयएस या आपल्या वेब सर्व्हरच्या ३.० या आवृत्तीबरोबर ॲक्टिव्ह सर्व्हर पेजेस, म्हणजेच एएसपी, हे तंत्र आणले. त्यात रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सर्व्हर, सेशन आणि ॲप्लिकेशन हे पाच ऑब्जेक्ट प्रत्येक पानाला आयते मिळत. पुढील आवृत्त्यांत ऑब्जेक्ट-काँटेक्स्ट आणि एएसपी-एरर या दोहोंची भर पडली. ॲप्लिकेशनच्या मुळाशी ग्लोबल डॉट एएसए नावाची एक फाइल ठेवता येई आणि तीत चार घटनांचे हँडलर लिहिता येत: ॲप्लिकेशनचा आरंभ व शेवट, सत्राचा आरंभ व शेवट.

कोणत्या घटनेत काय मिळेल, याचे नियम तेव्हापासूनच स्पष्ट होते. ॲप्लिकेशनच्या आरंभी आणि शेवटी केवळ ॲप्लिकेशन व सर्व्हर हे दोन ऑब्जेक्ट वापरता येत. सत्राच्या आरंभी सर्वच मिळत, कारण सत्र सुरू होते ते कोणाची तरी मागणी आल्यामुळेच. सत्राच्या शेवटी मात्र ॲप्लिकेशन, सर्व्हर आणि सेशन एवढेच उरत. त्या क्षणी समोर ब्राउझर नसतो. मग मागणी कोणाची वाचणार आणि उत्तर कोणाला देणार? शेवटच्या दोन्ही घटनांत सर्व्हर ऑब्जेक्ट हाताशी असूनही त्याची मॅपपाथ ही सोय, म्हणजे वेबवरील पत्त्यावरून डिस्कवरील प्रत्यक्ष जागा शोधण्याची क्रिया, वापरता येत नसे.

जानेवारी २००२ मध्ये एएसपी डॉट नेट प्रसिद्ध झाले. जुनी नावे कायम राहिली, फाइलचे नाव ग्लोबल डॉट एएसएएक्स झाले, आणि चार घटनांच्या जागी घटनांची एक लांबलचक साखळी आली.

ऑब्जेक्ट आणि त्यांचे आयुर्मान

ॲप्लिकेशन हा सर्वांत दीर्घायुषी. पहिली मागणी आल्यावर तो जन्म घेतो आणि ॲप्लिकेशन बंद पडेपर्यंत टिकतो. त्यात ठेवलेली माहिती सर्व वापरकर्त्यांना सामाईक असते, आणि धोका येथेच आहे. भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारा साधा आकडा घ्या. दोन मागण्या एकाच क्षणी आल्या, दोघींनीही १०० हा आकडा वाचला, दोघींनीही त्यात एक मिळवून १०१ लिहिले. पाहुणे दोन आले, मोजला गेला एक. हे टाळण्यासाठी या ऑब्जेक्टला लॉक आणि अनलॉक अशा दोन क्रिया दिलेल्या आहेत. एकाचे वाचणे-लिहिणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याने उंबरठ्यावर थांबावे, असा त्यांचा अर्थ.

सेशन हा एका वापरकर्त्यापुरता असतो. मराठीत यास सत्र म्हणण्याची पद्धत रूढ होत आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र शाळेच्या सत्राला शेवटची घंटा असते, तशी या सत्राला नाही. वापरकर्ता निघून गेला हे सर्व्हरला कळत नाही. शेवटच्या मागणीनंतर ठरावीक काळ, मूळ मांडणीनुसार २० मिनिटे, काहीच हालचाल झाली नाही, तर सत्र संपले असे सर्व्हर गृहीत धरतो. वापरकर्त्याला ओळखण्यासाठी ब्राउझरकडे एका कुकीत केवळ सत्राचा क्रमांक ठेवलेला असतो. एएसपी डॉट नेटमध्ये तो १२० बिटांचा, यादृच्छिक रीतीने निवडलेला असतो. माहिती सर्व्हरपाशीच राहते. म्हणून कोणी हा क्रमांक चोरला, तर सर्व्हरच्या लेखी चोर आणि मूळ वापरकर्ता यांच्यात भेद उरत नाही.

सेशनचे आणखी एक वैशिष्ट्य फारसे ठाऊक नसते. एकाच सत्रातील दोन मागण्या एकाच वेळी आल्या, तर दुसरीला पहिली संपेपर्यंत थांबवले जाते, जेणेकरून दोघींनी एकाच माहितीवर लेखणी चालवू नये. एका टॅबमध्ये मोठा अहवाल तयार होत असताना दुसऱ्या टॅबमधील साधे पानही उघडत नाही, ते बहुधा यामुळेच. जे पान सत्रातील माहिती फक्त वाचते, त्याने तसे जाहीर केल्यास अशी वाचणारी पाने एकमेकांसाठी ताटकळत राहत नाहीत.

रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स हे अल्पायुषी जोडीदार होत. मागणीबरोबर येतात, उत्तर गेले की जातात. रिक्वेस्टमध्ये पत्ता, अर्जात भरलेली माहिती, कुकी, ब्राउझरची ओळख इत्यादी असते. रिस्पॉन्समधून उत्तर लिहिले जाते. येथे क्रमाचे बंधन आहे: उत्तराचा मथळा, म्हणजे हेडर, आधी जातो आणि मजकूर नंतर. मजकूर रवाना होऊ लागल्यावर कुकी लावणे किंवा वापरकर्त्याला दुसऱ्या पानाकडे वळवणे शक्य नसते. पाकीट पेटीत पडल्यावर त्यावरचा पत्ता बदलता येत नाही, तसेच हे.

सर्व्हर हा माहितीचा साठा नसून सोयींचा संच आहे: मॅपपाथ, धोकादायक चिन्हे निरुपद्रवी करून मजकूर दाखवण्याची क्रिया, शेवटची चूक कोणती हे सांगणारी क्रिया इत्यादी. काँटेक्स्ट हा एका मागणीशी संबंधित सर्व ऑब्जेक्टांना एकत्र धरणारा धागा होय. त्यात आयटम्स नावाची एक थैली असते. एका घटनेच्या हँडलरने तीत ठेवलेली वस्तू त्याच मागणीच्या पुढील घटनेत काढून घेता येते. एका मागणीपुरतीच माहिती पुढे न्यायची असेल, तर सेशनऐवजी ही थैली वापरणे केव्हाही श्रेयस्कर.

मागणीच्या प्रवासातील घटना

ॲप्लिकेशन-स्टार्ट ही घटना ॲप्लिकेशनच्या आयुष्यात एकदाच घडते. ती पहिल्या मागणीच्या निमित्ताने घडत असल्यामुळे तीत रिक्वेस्ट मिळावा अशी अपेक्षा स्वाभाविक आहे, आणि काही काळ तो मिळतही असे. परंतु आयआयएस ७.० मध्ये एकात्मिक पद्धत आली, तेव्हा ॲप्लिकेशनचा आरंभ कोणत्याही एका मागणीपासून अलग मानला गेला. या पद्धतीत आरंभाच्या हँडलरमध्ये रिक्वेस्ट मागितल्यास, या संदर्भात रिक्वेस्ट उपलब्ध नाही, अशा आशयाची चूक येते. जुनी ॲप्लिकेशने नव्या सर्व्हरवर हलवताना अनेकांची गाडी याच ठिकाणी अडली. मायक्रोसॉफ्टचा हा निर्णय गैरसोयीचा ठरला तरी तर्काला धरून आहे. जी घटना सर्वांसाठी एकदाच घडते, तीत एका पाहुण्याचा पत्ता वाचून सर्वांसाठी नियम ठरवणे चुकीचेच होते.

यानंतर प्रत्येक मागणीसाठी पुढील क्रमाने घटना घडतात. बिगिन-रिक्वेस्टमध्ये रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, सर्व्हर आणि काँटेक्स्ट हाती असतात, सेशन नसतो. वापरकर्ता कोण, हे ऑथेंटिकेट-रिक्वेस्ट या टप्प्यानंतर कळते. त्यास या पानाचा अधिकार आहे की नाही, हे ऑथोराइझ-रिक्वेस्टमध्ये ठरते. अक्वायर-रिक्वेस्ट-स्टेट या टप्प्यावर सत्रातील माहिती आणली जाते. त्यानंतरच्या प्री-रिक्वेस्ट-हँडलर-एक्झिक्यूटमध्ये सर्व सामग्री सिद्ध असते, आणि मग प्रत्यक्ष पान चालते. पान संपल्यावर रिलीज-रिक्वेस्ट-स्टेटमध्ये सत्रातील बदल जतन होतात. सर्वांत शेवटी एंड-रिक्वेस्ट घडते, तेव्हा सेशन पुन्हा नाहीसा झालेला असतो.

सेशनचा हा मधला काळ नीट ओळखला पाहिजे. तो मागणीच्या आरंभापासून शेवटापर्यंत असतो असे अनेकजण धरून चालतात. शिवाय पान ज्या प्रकारचे असेल त्यावरही त्याची उपलब्धता अवलंबून असते. ज्या मागणीने सत्राची गरज जाहीर केलेली नाही, उदाहरणार्थ एखादे चित्र किंवा सजावटीची फाइल, तिच्या बाबतीत योग्य टप्प्यावरही सेशन रिकामाच, म्हणजे नल, मिळतो. त्यामुळे सर्व मागण्यांना लागू होणारा हँडलर पानांच्या बाबतीत सुरळीत चालतो आणि त्याच पानातील चित्रांच्या बाबतीत कोसळतो, असा चमत्कारिक अनुभव येतो. सेशन वापरण्यापूर्वी तो आहे का, हे तपासणे हाच त्यावर उपाय.

पान तयार होतानाही घटनांची एक आतली साखळी असते: प्री-इनिट, इनिट, लोड, नियंत्रणांच्या घटना, प्री-रेंडर, रेंडर आणि अनलोड. बटण दाबल्याची घटना लोडनंतर घडते. वापरकर्त्याने काय बदलले हे कळण्यासाठी आवश्यक असलेली व्ह्यूस्टेट ही माहिती इनिटच्या वेळी अद्याप भरलेली नसते. अनलोडच्या वेळी पान लिहून झालेले असते. तेथे रिस्पॉन्समध्ये काही लिहू गेल्यास चूक उद्भवते. अनलोड हे केवळ आवराआवरीचे ठिकाण आहे: उघडलेली फाइल मिटणे, डेटाबेसची जोडणी सोडणे.

सत्राचा शेवट

सेशन-एंड ही घटना नावावरून वाटते तितकी भरवशाची नाही. ती ब्राउझर बंद केल्यावर घडत नाही, मुदत संपल्यावर घडते. सत्रातील माहिती ॲप्लिकेशनच्याच स्मृतीत ठेवलेली असेल, तरच ती घडते. माहिती स्वतंत्र स्टेट सर्व्हरवर किंवा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये ठेवली असल्यास ही घटना घडतच नाही. घडली तरी तीत चालू मागणी नसते, त्यामुळे काँटेक्स्टही नसतो. सेशन आणि ॲप्लिकेशन मात्र वाचता येतात.

यास आणखी एक गोष्ट जोडावी लागते. आयआयएस ॲप्लिकेशनची प्रक्रिया मूळ मांडणीनुसार दर १,७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, नव्याने सुरू करतो. २० मिनिटे कोणीच आले नाही तर ती बंदही करतो. अशा वेळी स्मृतीतील सर्व सत्रे एकदम नाहीशी होतात. सत्राच्या आरंभी एक मिळवून आणि शेवटी एक वजा करून सध्या किती लोक उपस्थित आहेत हे दाखवणारा आकडा पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांत नेहमी आढळतो. तो शिकवण्यास उत्तम आहे, विश्वास ठेवण्यास नाही. दुकानातील राखून ठेवलेला माल परत मोकळा करणे किंवा परीक्षार्थीची उत्तरपत्रिका जमा करून घेणे यांसारखे काम सेशन-एंडवर सोपवू नये. त्यासाठी डेटाबेसमध्ये वेळेची नोंद ठेवून स्वतंत्र रीतीने तपासणी करणे सुरक्षित ठरते.

चूक हाताळणारी घटना

कोठेही न हाताळलेली चूक उद्भवल्यास ॲप्लिकेशन-एरर ही घटना घडते. सर्व्हर ऑब्जेक्टच्या गेट-लास्ट-एरर या क्रियेने ती चूक हाती येते, आणि तिची नोंद करून वापरकर्त्याला सौम्य भाषेतील पान दाखवता येते. चूक कोणत्याही टप्प्यावर होऊ शकत असल्यामुळे या हँडलरमध्ये कोणता ऑब्जेक्ट हाती असेल हे आधी सांगता येत नाही. चूक सेशन येण्यापूर्वी झाली असेल, तर सेशनमधून वापरकर्त्याचे नाव घेऊन नोंद करणारा हँडलर स्वतःच पडतो आणि मूळ चुकीची नोंद राहून जाते. विझवायला गेलेल्यानेच घर पेटवावे, तसा हा प्रकार.

सामाईक जागेचा धोका

ऑब्जेक्ट न मिळाल्यास चूक दिसते आणि दुरुस्त होते. याहून गंभीर प्रकार म्हणजे माहिती चुकीच्या आयुर्मानाच्या जागी ठेवणे, कारण तेथे चूक दिसत नाही. समजा, निकाल दाखवणाऱ्या एका ॲप्लिकेशनमध्ये विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक सेशनऐवजी ॲप्लिकेशन ऑब्जेक्टमध्ये किंवा स्टॅटिक प्रकारच्या चलात ठेवला. तयार करणारा एकटाच तपासत असतो तोवर सर्व ठीक चालते. निकालाच्या दिवशी दोन विद्यार्थी एकाच वेळी आले की दुसऱ्याचा क्रमांक पहिल्याच्या क्रमांकावर लिहिला जातो, आणि पहिल्याला दुसऱ्याची गुणपत्रिका दिसते. कोणताही संदेश येत नाही, कोणतीही नोंद होत नाही. बैठक क्रमांकाच्या जागी खाते क्रमांक किंवा रुग्णाचा अहवाल असेल, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

स्टॅटिक चल ॲप्लिकेशन ऑब्जेक्टप्रमाणेच सर्वांना सामाईक असते, हे लक्षात न आल्यामुळे ही चूक होते. याउलट ग्लोबल डॉट एएसएएक्समधील साध्या चलांवर विसंबणेही चूकच. प्रणाली त्या वर्गाच्या अनेक प्रती तयार करून ठेवते आणि एका वेळी एका मागणीसाठी एक प्रत वापरते. त्यामुळे एका मागणीत ठेवलेली वस्तू पुढच्या मागणीत कधी सापडते, कधी सापडत नाही.

भाषा, लिपी आणि मराठी

जुन्या एएसपीत सेशन ऑब्जेक्टला कोडपेज आणि एलसीआयडी असे दोन गुणधर्म होते. पहिला अक्षरांच्या संकेतप्रणालीचा, दुसरा भाषा-प्रदेशाचा. यूटीएफ-८ साठी ६५००१ आणि मराठीसाठी ११०२ हे त्यांचे क्रमांक. कोडपेज पाश्चात्त्य लिपीचेच राहिल्यास देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अनाकलनीय अक्षरे उमटत. म्हणून हे क्रमांक सत्राच्या आरंभीच्या हँडलरमध्ये निश्चित करणे सोयीचे होते. एएसपी डॉट नेटमध्ये मागणी आणि उत्तर या दोन्हींसाठी यूटीएफ-८ हीच मूळ मांडणी असल्याने ही अडचण बरीचशी दूर झाली.

तारखा, वारांची नावे आणि आकड्यांतील स्वल्पविराम मराठी पद्धतीने दाखवायचे तर एमआर-आयएन हे कल्चर निवडावे लागते. ही निवड मागणी ज्या थ्रेडवर चालते त्यास लागू होते, सबब ती प्रत्येक मागणीत नव्याने करावी लागते. बिगिन-रिक्वेस्ट ही त्यासाठी सुचणारी पहिली जागा. पण वापरकर्त्याने निवडलेली भाषा सेशनमध्ये ठेवली असेल, तर त्या क्षणी ती वाचताच येत नाही. एक तर भाषा कुकीत ठेवावी, म्हणजे रिक्वेस्टमधून ती आरंभीच मिळते. किंवा हँडलर सेशन उपलब्ध झाल्यानंतरच्या टप्प्यावर न्यावा.

एएसपी डॉट नेट कोअर

जून २०१६ मध्ये आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये ही रचना मोडून नव्याने बांधण्यात आली. ग्लोबल डॉट एएसएएक्स राहिले नाही. घटनांच्या ठरलेल्या साखळीऐवजी मिडलवेअर नावाचे टप्पे प्रोग्रॅमरच क्रमाने मांडतो. पूर्वी चालू मागणीचा काँटेक्स्ट कोठूनही एका ठरलेल्या नावाने मिळे; आता तो प्रत्येक टप्प्याला हातोहात दिला जातो. जो हाती दिलेला नाही तो अनवधानाने वापरला जात नाही, हा या बदलाचा मोठा लाभ. सेशनसाठी स्वतंत्र टप्पा जोडावा लागतो आणि त्याच्या आधीच्या टप्प्यात सेशन मागितल्यास चूक येते. सत्राच्या शेवटाची घटना येथे अस्तित्वातच नाही.

अन्य प्रणालींतील समांतर रचना

जावावर आधारित जेएसपीत पानाला नऊ ऑब्जेक्ट आयते मिळतात. त्यांपैकी एक्सेप्शन हा केवळ चुकीचे पान म्हणून जाहीर केलेल्या पानातच उपलब्ध असतो. एएसपीतील ॲप्लिकेशनचे काम तेथे सर्व्हलेट-काँटेक्स्ट करतो. पीएचपीत मागणीतील माहिती सर्वत्र दिसणाऱ्या चलांतून मिळते, आणि प्रत्येक मागणीनंतर स्मृती पुसली जात असल्याने सामाईक जागेचा वर वर्णिलेला धोका मुळातच कमी असतो. पायथनच्या फ्लास्कमध्ये मागणी चालू नसताना रिक्वेस्ट मागितल्यास, आपण मागणीच्या संदर्भाबाहेर काम करीत आहात, असा संदेश स्पष्ट शब्दांत येतो.